बसून वाजवायची परवानगी

"वरात कुणाची?" खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"वरात नाही," मी म्हणाले.

"मग? उरूस? पालखी?"

"तेही नाही."

आता बाईंनी मान वर केली. नगरपालिकेतल्या त्या खिडकीवर 'परवाने' अशी पाटी होती आणि आत बसणाऱ्या जंगमबाईंना सगळं शिरसाळे गाव ओळखत होतं. गणपतीचा मांडव असो, सर्कशीचा तंबू असो की निवडणुकीची सभा, कागद त्यांच्याच हाताखालून पुढे सरकायचा. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझा अर्ज पुन्हा वाचला.

"नदीच्या घाटावर बँड वाजवायचाय, असं लिहिलंयस तू. कशासाठी वाजवायचाय?"

"ऐकण्यासाठी."

"कुणी ऐकायचा?"

"येईल त्यानं."

रांगेत माझ्या मागे उभा असलेला माणूस फिसकन हसला. माझ्या शेजारी तात्या, म्हणजे माझे वडील, गालाला रुमाल धरून उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, पायांत लग्नसराईत घालायचे काळे बूट.

"हे बघ बाळ," जंगमबाईंचा आवाज जरा मऊ झाला, "सार्वजनिक जागा द्यायची तर कार्यक्रमाचा प्रकार लिहावा लागतो. लग्नकार्य, धार्मिक, राजकीय, नाहीतर विक्री-प्रदर्शन. तुमचं यातलं काय?"

"काहीच नाही. 'इतर' असं लिहिता येईल का?"

"येईल. पण 'इतर'ला मुख्याधिकाऱ्यांची सही लागते, आणि त्याआधी पोलिसांचा ना हरकत दाखला. आणि खरं सांगू? इथं बसून माझे केस पिकले, पण 'इतर'वर सही झालेली काही मी बघितली नाही."

तात्यांनी रुमाल बाजूला केला. "लिव्हा बाई," ते म्हणाले, "इतरच लिव्हा."

आमचा ज्योतिबा ब्रास बँड. सर्जेराव सकटे मास्तर म्हटलं की कृष्णाकाठच्या गावांमधून लोक ओळखायचे. तात्या क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या, आणि पुढे नाचणारी पोरं. त्या गर्दीत तात्यांचा सूर कुठूनही ओळखू यायचा. पण ही गोष्ट घडली तोवर डीजे आले होते, आणि बँडची लग्नं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

मी तेव्हा डॉक्टर मगदूमांच्या दातांच्या दवाखान्यात कामाला होते. तात्यांचे दात हलायला लागलेत हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस जेवताना भाकरी तशीच ताटात ठेवून उठले तेव्हा मी बळेबळेच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मलाही फोटो वाचता येत होता. दातांनी हाड सोडलं होतं. त्यात साखर वाढलेली आणि आत पू धरलेला.

"मास्तर, हे समोरचे वरचे-खालचे सगळे काढायला लागतील," डॉक्टर म्हणाले. "उशीर केला तर अंगात भिनेल. मग जिवावर बेतेल."

"काढल्यावर?"

"कवळी बसवू. जेवता येईल, बोलता येईल."

"आन् फुंकता?"

डॉक्टर हात धुवायला वळले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांनी धरायचं आणि खालच्या दातांवर ओठ दुमडून त्याला आधार द्यायचा, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. डॉक्टरांनाही ते कळत असावं. ते एवढंच म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

तात्यांनी थोडी मुदत मागितली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पुढच्याच्या पुढचा सोमवार ठरवला. "त्यापुढं एक दिवस नाही," असं मला बजावलं.

घरी येताना तात्या वाटेत थांबले. "रतन," म्हणाले, "दात काढायच्या आधी मला एकदा घाटावर वाजवायचंय. बसून."

मला वाटलं, त्यांना निरोप समारंभ हवाय. सगळी उमर दुसऱ्यांच्या सत्कारात वाजवलं. आता एखादी शाल, एखादा नारळ आपल्याही वाट्याला यावा असं कुणालाही वाटेल. मी म्हटलं, करू आपण, चार पाहुण्यांना बोलावू. ते म्हणाले, "पाव्हणं नकोत. भाषण नको. फकस्त वाजवायचं."

इलाहीचाचांना हे कळलं तेव्हा ते चक्रावले. इलाही नदाफ म्हणजे आमच्या बँडचे ड्रमवाले, तात्यांचे जन्माचे सोबती. "अरे मास्तर, त्याला परवानगी कशाला? जाऊ, बसू, वाजवू. आजवर काय इचारून वाजवलं?"

"आजवर दुसऱ्याच्या परवानगीवर वाजवलं, इलाही," तात्या म्हणाले. "ज्याचं लगीन, त्याच्या नावाचा कागद. पोलीस आला की आपण बाजूला, आन् पाव्हणा कागद दाखवणार. ह्या खेपेला कागद आपल्या नावाचा पायजे. मधनंच कुणी उठवाय नको."

पोलीस चौकीत लोंढे नावाचे हवालदार होते. त्यांना आमचं म्हणणं काही केल्या पटेना.

"स्पीकर किती?"

"स्पीकर नाही."

"नाही? बरं झालं. घाटाच्या वर सरकारी दवाखाना आहे, बाळंतिणी असतात. तिथं स्पीकर अजिबात चालत नाही. मिरवणुकीचा मार्ग?"

"मार्ग नाही. बसून वाजवणार."

"बसून?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "बँड बसून?"

"होय."

"नाचणार कोण?"

"कुणी नाही."

"मग भांडणं कशावरून होणार?" ते खरंच विचारात पडले. "बंदोबस्त कशाचा लावू मी?"

तात्या दुखऱ्या गालाने हसले. लोंढ्यांनी आम्हाला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं, दोनदा आत जाऊन साहेबांना विचारून आले आणि शेवटी शिक्का मारला. कागद देताना मला हळूच म्हणाले, "काही असेल तर आत्ताच सांग हं पोरी. मागाहून माझ्या अंगाशी यायला नको."

तो दाखला जंगमबाईंकडे दिला. त्यांनी आमचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मला सांगितलं की काळजी करू नको, अर्जातल्या रविवारी घाट मोकळा आहे. मी निर्धास्त झाले. शाळेकडून खुर्च्या मागून ठेवल्या. तात्या रोज सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करत आणि मग परसात जाऊन अगदी हलक्या फुंकरीने वाजवत. मध्येच थांबत. आई चुलीपुढून ओरडायची, "दात दुखतोय तर कशाला जिवाला तरास?" ते पुन्हा वाद्य तोंडाला लावायचे.

गुरुवारी दुपारी दारात एक चकचकीत जीप थांबली. आतून विक्रांत देशमाने उतरला. गावातला उगवता पुढारी. त्याच्या नेत्याचा वाढदिवस जवळ आलेला, चौकाचौकांत फलक लागलेले. तो आदबीनं आत आला, तात्यांच्या पायांशी वाकला. इलाहीचाचा आणि बँडमधली आणखी दोघं-तिघं ओट्यावर बसून ड्रमची दोरी ताणत होती.

"मास्तर, दादांचा वाढदिवस. रविवारी संध्याकाळी चौकातून घाटापर्यंत मिरवणूक आणि घाटावर सत्कार. तुमचाच बँड पाहिजे. दादा म्हणाले, डीजे नको, जुन्या थाटात होऊ दे."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. घाटावर? रविवारी?

तात्या शांतपणे म्हणाले, "रैवारी आम्ही मोकळं न्हाई."

"कुणाची सुपारी घेतली? मी बोलतो त्यांच्याशी."

"आमचीच हाय."

विक्रांतला वाटलं थट्टा आहे. तो हसला, मग तात्या हसत नाहीत हे पाहून थांबला. "मास्तर, नेहमीच्या दुप्पट देतो. शिवाय दादांच्या पुढच्या सगळ्या कार्यक्रमांना तुम्हीच."

त्या वर्षी बँडला काम नव्हतं. इलाहीचाचांचा मोठा मुलगा बँड सोडून रिक्षावर जायला लागला होता. युफोनियम हे मोठं पितळी वाद्य वाजवणारा बाबू अवघडे बायकोचे बोल खात होता. तात्यांनी ओट्यावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. "माझं मी बोललो," ते म्हणाले. "माझ्याबिगर तुम्ही जात असाल तर जा. मी मनात काय धरणार न्हाई. खरंच सांगतो."

इलाहीचाचा दोरी ताणत होते तसेच ताणत राहिले. मग त्यांनी गाठ मारली, ड्रमवर बोटांनी एकदा वाजवून पाहिलं आणि मान न वळवता म्हणाले, "मास्तर मोकळे न्हाईत म्हंजी आम्ही बी न्हाई, देशमानेसाहेब."

बाबूने एक मोठा श्वास घेतला, पण इलाहीचाचांच्या म्हणण्याला मान डोलावली.

विक्रांतच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "ठीक आहे. मग आणतो डीजे. आणि घाट आम्हाला मिळालेला आहे, एवढं लक्षात ठेवा." जीप धूळ उडवत गेली.

मी चपला सरकवून पळत नगरपालिका गाठली. जंगमबाई खिडकीतच होत्या. मला पाहून त्यांनी नजर चुकवली. "मला आज सकाळीच कळलं गं," त्या म्हणाल्या. "वरून फोन आला. तुमचा अर्ज अजून सहीशिवायच पडलाय. सही त्यांच्याही अर्जावर व्हायचीय, पण त्यांचा 'राजकीय' आहे, सरळ प्रकार आहे. तुमचं 'इतर'."

"दुसऱ्या दिवशी चालणार नाही बाई. सोमवारी त्यांचे दात काढायचेत."

त्यांना आधी काही समजेना. मी सगळं सांगितलं. मग त्या उठल्या, खिडकीची झडप ओढून घेतली आणि बाजूच्या दारातून बाहेर आल्या. "उद्या सकाळी वडिलांना घेऊन ये. मी साहेबांच्या केबिनमध्ये तुम्हाला नेऊन बसवते. देशमान्यांनाही त्याच वेळी बोलावलंय, असं कुणाला सांगू नकोस."

मुख्याधिकारी गावीत नंदुरबारकडचे होते, बदली होऊन आलेले. मान खाली घालून कागद वाचायची सवय, आणि बोलणं थोडं. शुक्रवारी आम्ही आत गेलो तेव्हा विक्रांत आधीच त्यांच्यासमोर बसलेला होता. तात्यांच्या गालाला सूज आलेली होती. इलाहीचाचा सोबत होते. आम्हाला बघून विक्रांत खुर्चीत सरळ झाला.

"बसा," गावीतसाहेब म्हणाले. दोन्ही अर्ज त्यांच्यापुढे होते. त्यांनी आधी आमचा उचलला. "प्रकार, इतर. बरं. दिनांक आहे. स्थळ आहे. वेळ, सायंकाळी सहापासून." ते थांबले. "पुढचं कोरं आहे. कितीपर्यंत?"

अर्ज मीच लिहिला होता. तिथे मी 'आठ' लिहायला निघाले तर तात्यांनी माझा हात धरला होता आणि "ऱ्हाऊ दे" म्हणाले होते. मला वाटलं होतं, नंतर भरतील. मी चटकन म्हणाले, "आठ लिहा, साहेब."

"तुम्ही नाही. अर्जदार सांगतील."

तात्या उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "साहेब, ते मला म्हाईत न्हाई."

"म्हणजे?"

"कदी पुरा केलाच न्हाई, तर किती वेळ लागतो कसं सांगू?"

गावीतसाहेबांनी कागदावरून नजर उचलली. "काय पुरं केलं नाही?"

तात्यांना बोलताना त्रास होत होता. तोंड नीट उघडत नव्हतं. पण ते बोलले, आणि मीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

"माझं गुरू येसूमास्तर. संस्थानच्या बँडात होते. मी पोरगा असताना त्यांनी मला पूरिया धनाश्री शिकवला. सांजच्या वक्ताचा राग. दोन पावसाळं त्यात गेलं माझं. ते म्हणायचे, सर्जा, असा उठायचा, असा चढायचा, हिथं जरा घुटमळायचा, आन् मग असा घराकडं यायचा. घराकडं येतो तिथंच खरा राग हाय म्हणायचे. ते वारले. मी लग्नात वाजवाय लागलो. सांजचं वऱ्हाड यायचं असायचं, मांडवात मंडळी बसलेली असायची, मला वाटायचं, आता चालतंय. सुरू करायचो. जरा रंग धरला की कुणीतरी यायचंच. मास्तर, हे काय रडगाणं, नाचायचं लावा. की लगेच मी नाचायचं लावायचो."

ते घोट गिळायला थांबले.

"लोकांचं चुकलं असं म्हणत न्हाई मी. लगीन हाय, नाचायचंच असतंय. त्यांनी पैसं दिल्यात. पर सारी उमर गेली, साहेब. सारखा अर्ध्या वाटंवरनं माघारी आलो. एकदाबी घरापत्तुर पोचलो न्हाई."

"घरी वाजवत नाही का?" गावीतसाहेबांनी विचारलं.

"घरी वाजवतो की. पर तिथं ऐकाय कोण न्हाई. येसूमास्तरांनी दिला तो काय मी एकट्यानं परसात वाजवावा म्हणून दिला व्हय? ऐकणाऱ्याम्होरं पुरा व्हाया पायजे. आता दात जाणार. म्हणून घाई."

इलाहीचाचांनी तोंड फिरवलं होतं. त्यांनाही हे कधी सांगितलं नव्हतं तात्यांनी. इतक्या वर्षांत त्यांच्याच शेजारी उभं राहून ते "नाचायचं लावा" झाल्यावर ठेका बदलत आले होते. मी शाल आणि नारळाचा विचार करत बसले होते.

गावीतसाहेबांनी दुसरा अर्ज उचलला. "देशमाने, तुमच्या अर्जात वाद्य म्हणून बँड लिहिलंय."

"होय साहेब."

"कुठला बँड?"

विक्रांतनं इलाहीचाचांकडे पाहिलं.

"गावात तर हाच एक उरलाय, असं मला जंगमबाई म्हणाल्या. आणि हे तर मोकळे नाहीत. मग काय वाजवणार?"

"डीजे सांगितलाय," विक्रांत हळूच म्हणाला.

"घाटावर चालणार नाही. वर दवाखाना आहे. तो नियम मी केलेला नाही, आणि मोडणारही नाही. वरून कुणाचाही फोन येवो."

मला वाटलं, आता विक्रांत उसळणार. तो तशाच तयारीने आला होता. पण तो तात्यांकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवल्यासारखं दिसलं. "मास्तर," तो म्हणाला, "माझ्या लग्नात तुम्हीच होता."

"होतो की."

"मांडवात तुम्ही काहीतरी संथ सुरू केलेलं. माझ्या मित्रांनी येऊन..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"लगीन होतं," तात्या म्हणाले. "हौसंची पोरं. त्याचं काय एवढं."

विक्रांत उठला. टेबलावरचा स्वतःचा अर्ज त्याने ओढून घेतला. "साहेब, आम्ही सत्कार मार्केट यार्डात घेतो. जागाही मोठी आहे. दादांना मी सांगतो." दाराशी जाऊन तो वळला, काहीतरी बोलणार होता, पण नुसता तात्यांना हात जोडून गेला.

गावीतसाहेबांनी आमच्या अर्जावर 'सायंकाळी सहापासून' याच्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कार्यक्रम संपेपर्यंत'. आणि खाली सही केली.

बाहेर आल्यावर जंगमबाईंनी शिक्का इतक्या जोरात मारला की शाईची बाटली हलली. मी पायऱ्यांवर बसून घेतलं. इलाहीचाचा तात्यांवर रागावले होते. "मला सांगितलं असतंस तर मी ठेका बदललाच नसता! मार खाल्ला असता, पण बदलला नसता!" तात्या म्हणाले, "म्हणूनच न्हाई सांगितलं."

रविवारी पाच वाजता आम्ही खुर्च्या मांडल्या. तात्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आज लाल कोट नको. सगळे पांढऱ्या कपड्यांत आले. पायऱ्यांवर चार-दोन धुणं धुणाऱ्या बायका सोडल्या तर कुणी नव्हतं. परवानगी मिळाली, पण ऐकायला कुणी आलंच नाही तर?

मग जंगमबाई आल्या, नवऱ्याला घेऊन. डॉक्टर मगदूम आले. लोंढे हवालदार बंदोबस्ताला म्हणून आले आणि काय करावं ते न कळून पायऱ्यांच्या टोकाशी उभे राहिले. दवाखान्याच्या कठड्यावर पेशंटांचे नातेवाईक येऊन टेकले. धुणं धुणाऱ्या बायकांनी पिळे बादलीत टाकले आणि तिथंच बसल्या. ऊन उतरत गेलं तशा पायऱ्या भरत गेल्या. सगळ्या भरल्या नाहीत. पण आमच्या चाळीतले, मशिदीकडचे, एरवी वरातीमागे चालणारे कितीतरी लोक दिसले, आणि त्यांना कसं बसावं हे नीटसं कळत नव्हतं.

तात्या खुर्चीत बसले. बाबूने आपल्या मोठ्या पितळी वाद्यावर एकच सूर धरला, जाड आणि शांत. इलाहीचाचांनी मांडीवर ढोलकी घेतली. तात्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं, त्यांच्या कपाळावर कळ उमटलेली मला दिसली, आणि मग सूर आला.

मला संगीतातलं कळत नाही. एवढंच सांगते, तो सूर मी हजारदा ऐकला होता, पण गर्दीच्या डोक्यावरून, फटाक्यांच्या मधून, चालताना हेलकावणारा. आज तो एका जागी होता. पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जात होता. तात्या घाई करत नव्हते. एकेक सूर ते ठेवत, बघत, मग पुढचा ठेवत.

राग चढायला लागला तेव्हा मी वरच्या रस्त्याकडे बघितलं. इथंच. नेहमी इथंच कुणीतरी यायचं. आणि खरोखरच वरच्या रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली आणि जोरजोरात हॉर्न वाजायला लागला. लोंढे हवालदार ताडताड पायऱ्या चढून गेले. हॉर्न बंद झाला. लोंढे परत आले ते माझ्याकडे बघून, आता बंदोबस्त कळला, अशा अर्थाने मान हलवून.

मग तात्याच थांबले.

वाद्य तोंडातून काढून त्यांनी हात गालावर दाबला. डोळे मिटले होते. बाबूचा सूर चालूच होता. इलाहीचाचांनी ठेका इतका हलका केला की तो जेमतेम ऐकू येत होता, पण सोडला नाही. डॉक्टर मगदूम अर्धे उठले. मीही उठले. पायऱ्यांवरून कुणी म्हणालं नाही, मास्तर, दुसरं लावा.

तात्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून मान हलवली, खाली बस म्हणून. मग त्यांनी ओठ पुन्हा दुमडला आणि जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं.

आता राग उतरत होता. तो घराकडे येणं म्हणजे काय हे मला तेव्हा समजलं, समजलं म्हणजे ऐकू आलं. एकेक वळण मागे टाकत, एखाद्या ठिकाणी रेंगाळत, आता पोचतोय असं वाटून पुन्हा एकदा मागे वळून बघत. इलाहीचाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात ठेक्यावर होते. शेवटचा षड्ज तात्यांनी धरला तो दम संपेपर्यंत. मग तो नदीवर विरून गेला आणि बाबूचा सूर तेवढा उरला. मग तोही थांबला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही. तात्या इलाहीचाचांकडे वळले आणि लहान पोरासारखं त्यांनी विचारलं, "झाला न्हवं?"

"झाला, मास्तर," इलाहीचाचा म्हणाले. "पुरा झाला."

तेव्हा कुठे टाळ्या सुरू झाल्या, आधी कठड्यावरून, मग धुणं धुणाऱ्या बायकांकडून, आणि मग सगळीकडून. बराच वेळ थांबल्या नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, "आणखी एक, मास्तर!" तात्यांनी हात जोडले. "आता न्हाई," म्हणाले. "येवढंच हुतं."

सोमवारी सकाळी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं, डॉक्टरांनी सुई टोचली. हिरड्या बधिर व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो, म्हणून डॉक्टर आणि मी पलीकडच्या खोलीत हत्यारं उकळत्या पाण्यातून काढायला गेलो.

परत आलो तर तात्या झोपले होते. गाढ. हात पोटावर, तोंड उघडं, छाती संथ वरखाली होत होती. लोक त्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात. त्या खुर्चीत कुणाला झोप लागलेली मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही.

डॉक्टर चिमटा हातात घेऊन थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो परत ट्रेमध्ये ठेवला आणि मला हळू आवाजात म्हणाले, "बाहेरच्या पेशंटला सांग, अर्धा तास लागेल म्हणून."